टक्कर न झाल्याबद्दल नापास

आमच्या पुतणीचा, मृणालचा, पराक्रम ऐका. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला तिने चार लहानशा बिनचालक गाड्या केल्या. त्यांना वरून हुकूम सोडणारं कोणी नाही. टक्कर कशी टाळायची ते प्रत्येकीने स्वतःच ठरवायचं. परीक्षा बघायला मीही गेलो.

चारही गाड्या चार बाजूंनी चौकात आल्या आणि आपापल्या उजवीकडच्या गाडीला वाट देत थांबल्या. उजवीकडे प्रत्येकीच्या कोणीतरी होतीच, त्यामुळे एकही हलेना. मला आमचं ऑफिस आठवलं.

परीक्षक खूश. “टक्कर नहीं हुई ना? चलो, पास!”

“नहीं सर, यह फेल है,” मृणाल म्हणाली.

मी तिची बाही ओढली. “अगं, काहून बोलून राहिली? डिग्री जाईल हातची!”

“जाऊ द्या, काका. गाडी चालली तर पाहिजे ना!”

परीक्षक वैतागले. “बेटा, सुरक्षित तो है!”

“सुरक्षित तो आपकी अलमारी भी है, सर. उसने भी आज तक किसी को टक्कर नहीं मारी.”

त्यांनी रागारागाने फेल लिहिलं. घ्या, ही खोवा-जिलेबी त्याचीच.