विम्यात पित्त बसतं का?

“हॅलो?… कोण, पिंकी?… थांब गो, अंगणात येते, घरात तुझा आवाज कापल्यासारखा येतो… हां, बोल आता.”

विमलबाई वाल पाखडायचं सूप तसंच टाकून बाहेर आली. तिच्या घरात फोनला रेंज नसायची, आणि अंगणात बोललेलं शेजारच्या ठमाबाईला ऐकू जायचं. ठमाबाई आत्ताही नळावर भांडी घासत बसली होती. पिंकीचं नाव कानावर पडलं आणि तिचा हात हळू झाला. विमलबाईने लगेच तिच्याकडे पाठ केली.

“हो, हो, आलं व्हिसाचं. आदेशनं काल पाठवलं, तुझ्या बाबांनी चारदा उघडून बघितलं… मग?… विमा? कसला विमा?… अगो पण पोस्टातला हाय ना आमचा… प्रवासाचा वेगळा? आम्ही काय मस्कतला चालत जाणार हाय काय? विमानात बसणार, विमानातून उतरणार. विमान त्यांचं, मग बघतील ना ते!”

गॅसचा सिलिंडर आला तरी उचलून बघितल्याशिवाय घरात न घेणारी ही बाई. मस्कतचा मुलगा आदेश तीन वर्षांनी भेटणार म्हणून हरखली होती, नाही असं नाही. पण आनंदात असली म्हणून कुणी तिला काहीही गळ्यात मारावं, असं होणार नव्हतं.

“बॅग हरवली तर?… हरवेल कशी? मी मांडीवर घेऊन बसेन… नाय ठेवू देत?… मग कोण घेतं?… हे बघ हां. आपल्या हातातली बॅग त्यांनीच घ्यायची, आणि हरवली तर पैसे देतो म्हणायचं. मग हरवणारा कोण?… हसू नको, मी बरोबर बोलते… आणि वाल हरवले तर वाल देतील का?… पैसे! त्या पैशाचे कडवे वाल मिळतात काय मस्कतला?”

“विमान लेट झालं तरी देतात?… जेवणाखाणाचं?… पासपोर्ट हरवला तरी?… अगं ऐक ना, अगं ऐक. एवढं सगळं देत सुटले तर त्या कंपनीवाल्यांनी खायचं काय?… नाय, नाय, यात काहीतरी मेख हाय. तुला कोण सांगतो हे सगळं?… प्रणित? तुझा दीर? तो तर गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रेखायचा ना?… सीझन संपला की विमा. बरं, बरं. हुशार हाय पोरगा.”

तोंडाने हुशार म्हणाली, पण विमलबाईच्या मनात पाल चुकचुकली. पिंकी पेणला नांदत होती. घर एकत्र, माणसं चांगली. सासू सगुणाबाई मात्र वरणात मीठ कमी पडलं तरी त्यामागचं कारण शोधून काढणारी. आणि प्रणित म्हणजे सगुणाबाईचा धाकटा लेक. आईला विचारल्याशिवाय तो चहासुद्धा घेत नाही, असं पिंकीच सांगायची.

“तू कुठून बोलतेस गो?… गच्चीवरून? भर दुपारी?… स्पीकरवर नाय ना फोन?… सगुणाबाई कुठे हायत?… झोपल्यात. आणि प्रणित?… बरं. नाय, असंच विचारलं.”

“विचार ना, काय काय लागतं… जन्मतारीख आधारवरची लिही, खरी मलापण ठाऊक नाय… आजार? कसला आजार?… काय नाय. मला गुडघे सोडले तर काय नाय… बाबांना? त्यांना काय धाड भरली? काल दोन पोती उचलून आत ठेवली त्यांनी… नाय म्हणून लिही. पटकन लिही आणि मोकळी हो.”

पडवीत महिपती आडवा झाला होता. त्याने एक डोळा उघडून बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. चाळिशीपासून त्याला फिट येत होत्या. पहिली आली ती खळ्यावर, झोडणी चालू असताना. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. पोरं लहान होती, रडायला लागली. तेव्हा विमलबाई त्यांना म्हणाली होती, उन्हाचं पित्त चढलं. त्या दिवसापासून घरात त्याला पित्तच म्हणतात. डॉक्टर मात्र रोह्याला. कोलाडला जवळ पडलं असतं, पण तिथल्या दवाखान्यात ओळखीची चार तोंडं भेटतात. गोळ्या घेतल्या की वर्ष-वर्ष काही होत नसे. घेतल्या नाहीत की होई.

हे सगळं कशासाठी, तर पिंकीसाठी. फेफऱ्याच्या घरातली पोरगी कोण करून घेणार? पेणचं स्थळ आलं तेव्हा विमलबाईने सगुणाबाईला घर दाखवलं, शेत दाखवलं, गोठा दाखवला. गोळ्या दाखवल्या नाहीत. आणि आता विम्याला खरं सांगायचं म्हणजे प्रणितला सांगायचं, प्रणितला सांगायचं म्हणजे सगुणाबाईला. बरं, दुसऱ्या कुणाकडून विमा काढावा, तर तेही नाही. आपल्याकडे सोयऱ्यातला माणूस विमा करत असताना परक्याकडे गेलं, की आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं.

“काय म्हणालीस?… पुन्हा सांग… म्हणजे इथे नाय लिहिलं, आणि तिकडे जाऊन त्याच आजारानं दवाखान्यात ठेवायला लागलं, तर?… एक रुपया नाय?… मग कसला गो विमा तो! बॅग पडली तर देणार, माणूस पडला तर हात वर… हां. हां. आधी सांगितलं असेल तर?… जिवावर बेतलं तर तेवढं बघतात. आणि ते पण सगळ्या कंपन्या नाय, काहीच… म्हणजे विचारून घ्यायला लागतं. बरं.”

“पण त्यांना कळणार कसं गो? मस्कतला बसून त्यांना काय स्वप्न पडणार हाय?… जुने कागद मागवतात?… रोह्याचे पण?…”

बोलून गेली आणि तिने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

“रोहा? मी कुठे रोहा म्हटलं?… तोंडात आलं ते आलं. बाजाराला जातो ना आम्ही रोह्याला… नाय गो, काही नाय. तू उगाच खोदू नको.”

ठमाबाईचा नळ बंद झाला होता. विमलबाई तरातरा चालत मागच्या शेवग्याखाली गेली. हायवेवरून ट्रक जात होते, त्यांच्या आवाजात आपलं बोलणं बुडेल, असा तिचा हिशेब.

“पिंके, एक सांग. तिकडे माणूस… म्हणजे गेलाच, तर?… देव करो आणि तसं न होवो, पण विचारून ठेवावं… आणतात? त्यांच्या खर्चानं?… पण कुठवर? मुंबईपर्यंत, की गावापर्यंत?… ते विचार प्रणितला. नको, नको, प्रणितला नको विचारू. तूच कागदात बघ.”

“आणि ऐक ना… कासू गावाला एक माणूस हाय. तू नाय ओळखत. लांबचा हाय. त्याला जायचंय दुबईला… त्याला फिट येते. त्यानं काय करावं?… लिहावंच लागतं का?… अगो मी त्याच्यासाठी विचारते, मला काय करायचंय!… हॅलो?… पिंकी?… गेलीस काय?”

फोन चालू होता. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. विमलबाईने फोन कानाला घट्ट लावला.

“बोलत का नाय?… कधीपासून? मला काय ठाऊक त्या माणसाचं… पहिल्यांदा आली तेव्हा वय?… अगो, शुद्ध जाते की नुसता बघत बसतो, हे कशाला पाहिजे विम्याला?… घरात आणखी कुणाला हाय का? हे पण विचारतात?… नाय. थांब. थांब तू. हे प्रश्न विम्याचे नाय.”

आता ती चिडली. एवढा वेळ जी भीती मनात होती तिला वाचा फुटली.

“खरं सांग पिंके, कोण बसलंय तुझ्या बाजूला?… सगुणाबाईनं बसवलंय ना तुला फोनवर? दहा वर्षं नांदलीस त्यांच्यात, आणि आता माहेरची चौकशी? विम्याचं नुसतं निमित्त… तर मग कुणासाठी विचारतेस? सांग ना, कुणासाठी?… काय?… मोठ्यानं बोल… अगो रडतेस कशाला?”

“मनस्वीला?… काय झालं मनस्वीला?”

मनस्वी म्हणजे पिंकीची मुलगी, दुसरीतली. दिवाळीला आली होती तेव्हा आजोबांच्या खांद्यावर बसून तिने आख्खं गाव पालथं घातलं होतं.

“कधी?… शाळेत?… आणि दुसऱ्यांदा घरी. न्हाणीत. बाई गं… कुणी बघितलं?… तू एकटीनं. मग?… पनवेलच्या डॉक्टरकडे. कुणाबरोबर गेलीस?… एकटी? जावयांना नाय सांगितलंस?… काय विचारलं डॉक्टरनं?… घरात कुणाला असतं का. आणि तू काय सांगितलंस?”

विमलबाई शेवग्याच्या बुंध्याला धरून खाली बसली. उत्तर तिला ठाऊकच होतं. तिनेच ते पोरीला लहानपणी शिकवलं होतं.

“आणि सासरी?… सासरी काय सांगितलंस?… पित्त.”

तिला रडू फुटलं. सगुणाबाईचा राग आला नाही, विम्याचा आला नाही, स्वतःचाच असा राग आला की दात-ओठ खावेत. बाहेरच्यांपासून लपवता लपवता तिने ज्यांच्यासाठी लपवलं त्यांच्यापासूनच लपवलं होतं.

“औषध दिलंय ना?… तू देतेस. लपवून?… पिठाच्या डब्यात! आणि तू आजारी पडलीस तर कोण देईल? एक दिवस चुकला तर काय होतं ते मी बघितलंय, पिंके. बांधावर पडले होते तुझे बाबा, तोंड चिखलात. बाजूच्या शेतातली माणसं धावली, पण करायचं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण मी कुणाला सांगितलंच नव्हतं… हो. हो गो. फिटच. कासूला कोणी नाय. तुझे बाबाच.”

“रड नंतर, आधी ऐक. तिला आली की कुशीवर वळव. गळ्याजवळचं बटण सोड. तोंडात चमचा, बोट, काय घालायचं नाय. दाबून धरायचं नाय, आपोआप थांबेल. चप्पल, कांदा हुंगवायला कोणी आलं तर हाकलून दे. मोबाईलमध्ये टाइम बघ. पाच मिनिटांवर गेली तर सरळ गाडीत घाल आणि दवाखाना… आणि शुद्धीवर आली की ओरडू नको, जवळ घे. बाबांना तेव्हा फार लाज वाटते. तिला वाटू देऊ नको.”

पडवीतून महिपती उठून आला होता. तो बायकोच्या शेजारी टेकला. नातीचं नाव ऐकल्यावर त्याचा चेहरा उतरला होता.

“आजच्या आज पनवेलला फोन कर. आजोबांना हाय म्हणून सांग. रोह्याचे कागद मी घेऊन येते, सगळे… मस्कतचं? मस्कतचं लिही ना, खरं लिही. महिपती, आणि पुढे फिट. कंपनी घेईल तर घेईल, नाय तर आदेश येईल इकडे… प्रणितला कळू दे. कळायलाच पाहिजे, पोरगी त्याच्याही अंगाखांद्यावर खेळते… आणि आता खाली जा. सगुणाबाईंना उठव… घाबरतेस कशाला? तू नाय सांगायचंस. मी सांगते. जा. मी धरते फोन.”

धरला तिने. पलीकडे जिन्यावर पावलं वाजली, दार वाजलं, कुणीतरी खोकलं. महिपतीने तिचा दुसरा हात हातात घेतला. कुंपणापाशी ठमाबाई उघड उघड येऊन उभी होती. विमलबाईने तिच्याकडे बघितलं आणि आवाज जरासुद्धा कमी केला नाही.

“हॅलो?… हो, मी विमल बोलते, विहीणबाई. झोपमोड केली तुमची… नाय, वाईट बातमी नाय, जिवंत हाव सगळे. तुम्ही बसा जरा… बसलात?… आमच्या ह्यांना फिट येतात. पिंकीच्या लग्नाच्या आधीपासून. तुमच्यापासून मी लपवलं. पिंकीला काहीच ठाऊक नव्हतं, तिला काय बोलू नका, बोलायचं ते मला बोला… आणि मनस्वीला पित्त नाय. तिला पण तेच हाय… हो. दोनदा… विहीणबाई?… ऐकताय ना?… हॅलो?… हॅलो?”

फोन तुटला होता. आपोआप तुटला की सगुणाबाईंनी ठेवला, काही कळायला मार्ग नव्हता. विमलबाईने पुन्हा लावला, लागला नाही. तिने पदराने तोंड पुसलं आणि नवऱ्याला म्हणाली, “कपडे बदला. गोळ्या घ्या आणि सगळे कागद घ्या. आपण पेणला जातोय. दारात उभं केलं नाय तरी चालेल, पण पोरीजवळ जायचंच.”

महिपती आधीच चपला शोधत होता.