अर्ध्यावर थांबलेली श्रुतिका

धाडच्या ग्रामपंचायतीचा रेडिओ उत्तमराव मास्तर सांभाळत. रेडिओ आतल्या खोलीत, कर्णा बाहेर ओट्यावर. त्या गुरुवारीही संध्याकाळी माणसं ओट्यावर जमली, विज्ञानाची श्रुतिका रंगात आली आणि शेवटाच्या ऐन तोंडावर कर्णा मुका झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे मास्तर गेले.

त्या आठवड्यात माहेरी आलेली त्यांची लेक चारुलता तेरावं उरकून नांदुऱ्याला सासरी निघाली. एसटीच्या रांगेत तिच्यापुढे दोन अनोळखी बाजारकरू उभे होते.

"यंत्रात बसून तो गडी कालच्या दिवसात गेला. मंग वापस आला का नाही, निवृत्ती?"

"कोणाले मालूम, कडूबा! मास्तरनं बंद केला ना रेडिओ."

"बॅटरी खलास झाली म्हणे ते."

"मंग दुसऱ्या दिवशी शिपायानं लावला, तं त्याच बॅटरीवर बाजारभाव कसे खणखणीत वाजले?"

"हाव बे! मंग काऊन केला बंद?"

"बॅटरी वाचवून घरी नेत असंल, गुपचूप."

"मेल्या माणसाले नाव ठिवू नाही."

"नाही ठेवत. पण साधा नव्हता, एवढं सांगतो."

चारुलताने हातातली पिशवी खाली ठेवली.

"भाऊ, बॅटरी चांगली होती. बाबा सकाळपासून जेवले नव्हते, हाका मारूनही उठेनात. म्हणून आत जाऊन रेडिओ मी बंद केला. तुम्ही सगळे ओरडलात, तेव्हा माझ्यासाठी ते खोटं बोलले. मी तिथंच उभी होते आणि गप्प राहिले."