सातीबाल्दी आकेंनी वाटलेली पिल्लं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय एसेनगुल आके, मंचावरचे सन्माननीय पाहुणे, आपल्या तायगान कुत्री पाळणाऱ्यांच्या संघाचे सभासद, आणि पोलाव कधी येतो याकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

सातीबाल्दी आके आज संघाचं अध्यक्षपद सोडताहेत. जनावरांची डॉक्टर म्हणून मी दोन गोड शब्द बोलावेत, असा आग्रह झाला. शोधले हो, सापडले नाहीत.

"आके शिकारी कुत्र्याचं रक्त नुसत्या नजरेनं ओळखतात," असं मघाशी एक पाहुणे म्हणाले. वा! मग गेल्या वर्षी त्यांच्या उलार कुत्रीचं पोट फुगलं, तेव्हा ही नजर कुठे चरायला गेली होती? माज सरून काही आठवडे झालेले. कुत्री घटाघटा पाणी पितेय, मांसाला तोंड लावत नाही, अंग तापलेलं. आके म्हणाले, "गाभण आहे!" आणि पिल्लं वाटून मोकळे झाले. आपल्या संघात तायगानचं पिल्लू विकत नाहीत, भर मेजवानीत शब्द देऊन देतात. एक व्याह्यांना, एक आजच्या अध्यक्षांना... हसू नका एसेनगुल आके, तुम्ही तर नावही ठेवलं होतंत!

मी तपासलं. म्हटलं, "आके, पिल्लं नाहीत. गर्भाशय पुवानं भरलंय. आजच काढलं नाही तर ही जाते."

"काढायचं? आणि वंश? मी लोकांना काय तोंड दाखवू? पोरी, तू आपली मेंढ्यांना सुया टोच जा!"

घ्या! कुत्री मरणाच्या दारात, आणि यांना स्वतःच्या तोंडाची काळजी. संताप झाला माझा, आजही होतो.

आके पिल्लांच्या आनंदात कुमिस ढोसायला गेले, तशा त्यांच्या पत्नी बुरुलकान एजे उलारला उचलून माझ्या दवाखान्यात हजर. "काप गं. म्हाताऱ्याचं मी बघते." शेवटपर्यंत त्या कुत्रीचं डोकं धरून उभ्या होत्या. रडत होत्या, पण हात ढळला नाही.

मागोमाग आके धावत आले. "माझी पिल्लं कुठायत?"

मी काढलेल्या गर्भाशयाचं घमेलं पुढे सरकवलं. "घ्या, वाटा."

वासानंच दारातून पळाले, महाराज!

उलार जगली. तरी "डॉक्टरनं वंश बुडवला" असं आके अजून गावभर सांगतात. हा मानाचा झगा, हा चापान, आकेंच्या खांद्यावर घालायचं काम संघानं माझ्यावर सोपवलंय. आके, तुम्ही बसा. बुरुलकान एजे, या बघू पुढे. हं, शोभतोय तुम्हाला.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल तर पोटात घाला. आकेंचा तेवढा राहून गेलेला नाही, मुद्दामच ठेवला नाही.