तबकडीवरची कॉफी

…चालू केली तरी गार, बंद केली तरी गरम! हिला शेगडी म्हणायचं? तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं या सॉल्ट गावात दगड घडवले मी. कुठल्या दगडाला कुठे घाव घालायचा ते हाताला कळतं. पण ही विजेची, दोन लोखंडी तबकड्यांची… नाही कळली. मुलगा कुवेतहून आला, छपरावर सोलर बसवून गेला. "बाबा, वीज फुकट, आता गॅस कशाला?" जाताना सिलिंडरही काढून टाकला! आता गॅसची गाडी गाणं वाजवत दारावरून जाते आणि मी खिडकीतून बघत बसतो.

आणि साफसफाई? ती नातीला विचारा. रगद तिचं नाव. "आजोबा, ओलं फडकं नाही, गंज चढतो! आजोबा, तापलेलीवर गार पाणी नाही, तडकते! कोमट असताना पुसा, तेलाचं बोट फिरवा, मग जरा शेक द्या!" अगं, ही शेगडी आहे की बाळंतीण?

चार वर्षांची असताना हिची आई गेली, बाप कुवेतला. मी वाढवली. आणि परवा तिला मागणी घालायला माणसं येणार होती. मुलगा कुठला? अकाबाच्या बंदरावरचा! गाडीने चार तास! बाप फोनवर म्हणाला, "तुम्ही ठरवाल ते." रगदला विचारलं, तीही म्हणाली, "तुम्ही म्हणाल ते," आणि मान खाली. मी ठरवलं, नाही म्हणायचं.

रीत तुम्हाला ठाऊक आहे. पाहुण्यांचा म्होरक्या कॉफीचा पेला पुढ्यात ठेवतो, तोंड लावत नाही, मागणं मांडतो. यजमान म्हणाला, "कॉफी प्या," की मुलगी दिली. नाहीतर पेला तसाच ठेवून उठायचं. मला तो तसाच ठेवायचा होता. पण नकार द्यायचा म्हणून काय गढूळ पाणी द्यायचं? माझ्या घरात? कॉफी मीच करणार!

सकाळी तबकडी साबण लावून खसाखसा धुतली. गंज नको म्हणून तेल… बोटभर कसलं, पळीभर ओतलं. दुपारी बाराजण येऊन बसले. मी कॉफीची किटली ठेवली, बटण फिरवलं. दहा मिनिटं काही नाही, आणि मग जो धूर!

बाहेरून त्यांचा म्होरक्या अबू शहाब ओरडला, "अबू मिदहत, आग लागली की काय?"

"कॉफी आहे!" मी म्हणालो.

"मग पेटवताय कशाला?"

बाराजण हसले. हसा! चालू केली तरी गार… वीस मिनिटं झाली, बाहेर खाकरणं सुरू झालं, आणि एकदम फसफसून वर! बटण बंद केलं, तरी उकळतेय! अहो, बंद केली तरी गरम! किटली कानाला धरून उचलली, बोटं भाजली, अर्धी कॉफी तबकडीवर, उरलेली पेल्यांत.

अबू शहाबने पेला खाली ठेवला आणि सुरू झाला. आधी देवाची स्तुती, मग त्याचे आजोबा, मग माझे आजोबा, मग मी मशिदीसाठी घडवलेली कमान… एक एक दगड! माझं लक्ष पेल्याकडे. वाफ बारीक झाली… आणखी बारीक… अर्धा तास झुंजलोय मी त्या लोखंडाशी, आणि हा माणूस अजून कमानीवरून खाली उतरत नाही!

"अहो, प्या की आधी! गार होतेय कॉफी!"

अबू शहाबने पेला उचलला आणि एका घोटात रिकामा केला. "अल्लाह बरकत देवो!" बाराच्या बारा उठले, माझ्या गालांचे मुके घ्यायला लागले.

मी तोंड उघडलं, की थांबा, मला तसं म्हणायचं नव्हतं… तेवढ्यात आतून ललकारी आली. जीभ नाचवून बायका लग्नात देतात, तशी. लांब, खणखणीत. आत दुसरं कुणी नव्हतंच. वीस वर्षं सांभाळलेली पोर, एवढा आवाज तिच्यात होता हे मला कुठे माहीत?

आता तिला जाऊन सांगायचं, की तुझा आजोबा चुकून बोलला? तुम्ही सांगाल?

मी बसलो खाली. माझा पेला घेतला. प्यालो.

चांगली झाली होती.