दर दहा मीटरला एक पाऊल

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या शेळगावच्या सरपंच माननीय सिंधुबाई, बारामतीहून कालच मुद्दाम आलेले निवृत्त सुभेदार युवराजराव, जिच्यासाठी हा मांडव घातलाय ती आपली स्वरूपा, तिचे वडील आप्पासाहेब, समोर बसलेल्या माता-भगिनींनो, बंधूंनो, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागं मोटारसायकलींवर बसून ऐकणाऱ्या तरुण मित्रांनो,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'स्वरूपाचे मार्गदर्शक केशवतात्या' अशी करून दिली. ऐकायला गोड वाटलं. पण मी कसला मार्गदर्शक? मी ठिबकवाला. तीस वर्षं या शिवारात उसाला ठिबकच्या नळ्या अंथरल्या. स्वतः पळालो असेन तर फक्त सुटलेल्या एसटीमागं. त्यामुळं टेबलावरची ती शाल जरा वेळ तिथंच राहू द्या. आधी माझं ऐका, मग ती माझ्या खांद्यावर टाकायची का, ते अध्यक्षांनी ठरवावं.

परवा स्वरूपा ट्रेनिंगला निघणार. गावातली पहिली मुलगी मिलिटरीत चालली. आप्पासाहेबांची छाती बघा, सदऱ्याची बटणं ताणलीत. पण गावाला एका गोष्टीची आठवण करून देतो. कालव्याच्या भरावावर पहाटे एक मुलगी पळत नव्हती, दोघी पळत होत्या. दुसरी आपल्या विमलताईंची लेक, पूर्वी. ती तिसऱ्या ओळीत बसलीय. आज मी उभा राहिलोय तो खरं तर तिच्यासाठी.

दोघींनी भरतीचा फॉर्म एकाच दिवशी भरला. लेखी परीक्षा दोघी पहिल्या झटक्यात पास. राहिलं मैदान. सोळाशे मीटर पळायचं. साडेसात मिनिटांच्या आत आलं तर पहिला गट, आठच्या आत आलं तर दुसरा गट, आणि आठच्या पुढं गेलं की घरी. शिवाय लांब उडी, उंच उडी. उड्यांसाठी आम्ही उसाच्या पाचटाचा हा एवढा ढीग रचला होता. पहिल्या दिवशी पूर्वी त्यात अशी घुसली की नुसत्या चपला दिसत होत्या. अंगभर खाजत होतं, तरी दोघी हसत होत्या. काय दिवस होते ते, मला तर साठीत शाळेत गेल्यासारखं वाटायचं.

सोळाशे मीटर मोजायचं काम साहजिकच माझ्याकडं आलं. मोजणी म्हणजे केशवतात्या, हे गावात ठरलेलंच आहे. दहा मीटरची दोरी घेतली आणि बिरोबाच्या देवळापासून पुलाकडं मोजत निघालो. एकशे साठ वेळा दोरी टाकली. शेवटी पुलाच्या अलीकडं खुंटी ठोकली, वर लाल फडकं बांधलं आणि पोरींना सांगितलं, "हितनं तितं सोळाशे. डोळं झाकून पळा."

पळाल्या बिचाऱ्या. सात महिने पळाल्या. ऊस तोडणीच्या दिवसांत ट्रॉल्यांची धूळ नको म्हणून पाचला उठून पळाल्या. स्वरूपाचा वेळ सात पन्नासवर आला आणि तिथंच अडला. पूर्वीचा आठ दहावर अडला. दहा सेकंद, मंडळी. त्या दहा सेकंदांसाठी त्या पोरीनं काय केलं नाही? भात सोडला, नवे बूट आणले, ते चावायला लागले म्हणून परत जुने घातले, विमलताईंनी बिरोबाला नारळ बोलला. दहा सेकंद काही हलेनात.

स्वरूपाचा भाऊ मोहित एकदा मोबाईल घेऊन आला. म्हणाला, "तात्या, ह्यात सोळाशे नव्वदच्या वर दाखवतंय. रस्ता जास्त हाय." मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "तुझ्या मोबाईलला घरात रेंज न्हाय, त्यो मला माप शिकवतुय व्हय? तुझा जन्म व्हायच्या आधीपासनं मोजतुय मी." पोरगं मोबाईल खिशात घालून निघून गेलं. मोठ्या माणसाला उलट बोलायचं नाही, हे संस्कार आपणच त्याला लावलेले.

मैदानाला आठ दिवस राहिले तेव्हा पूर्वी माझ्या ओट्यावर आली. म्हणाली, "तात्या, मी न्हाय जात. साऱ्यांसमोर हसं कशाला करून घेऊ?" मी म्हणालो, "तुझी मर्जी." अडवलं नाही. उलट मनात म्हटलं, शहाणी पोर आहे, झेपत नाही ते ओळखते. महिन्याभरात ती बारामतीला एका औषधाच्या दुकानात कामाला लागली. अजून साडेआठच्या एसटीनं जाते.

स्वरूपा मात्र हट्टानं गेली. आणि सात मिनिटं बावीस सेकंदांत आली. पहिल्या गटात. गावात पेढे वाटले, मीही दोन खाल्ले. पण संध्याकाळी ती पाया पडायला आली आणि सहज बोलून गेली, "तात्या, तितलं सोळाशे लवकर संपलं ओ. मी आजून पळणार हुते."

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता मोठा टेप घेऊन भरावावर गेलो. सोबत माझी बायको कौसल्या होती. दोन वेळा मोजलं. सोळाशे शहाण्णव मीटर. मी टेपलाच शिव्या द्यायला लागलो. तेव्हा कौसल्या म्हणाली, "दोरी टाकून कसं मोजलंत, जरा चालून दावा." मी दाखवलं. दोरी टाकली, एक पाऊल पुढं सरकलो, पुन्हा दोरी टाकली. ती म्हणाली, "आवो, ती नळी हाय का रस्ता?"

शेतकऱ्यांना सांगायला नको, पण युवराजरावांसाठी सांगतो. ठिबकची नळी ताणून मोजत नाहीत. उन्हात सैल पडते, थंडीत आखडते, ताणून बसवली तर जोड निसटतो. म्हणून दर दहा मीटरला एक पाऊल ढील सोडायची. तीस वर्षांत ते माझ्या पायात इतकं मुरलंय की डोक्याला विचारायची गरजच पडत नाही. रस्ता काही थंडीत आखडत नाही. पण मी एकशे साठ वेळा एकेक पाऊल जास्त टाकलं आणि शहाण्णव मीटर जास्त असलेल्या रस्त्यावर दोन पोरींना सात महिने पळवलं.

मग घरी बसून हिशेब केला. पूर्वीचे आठ दहा म्हणजे खऱ्या सोळाशेला सात बेचाळीस. पूर्वी, ऐकतेस ना? तू आठच्या आत होतीस. नुसती गेली असतीस तरी पास होतीस. तू कमी पडली नव्हतीस, माझं माप चुकलं होतं. आणि माप बरोबर सांगणाऱ्या पोराला मीच गप केलं होतं.

हे तुला घरी येऊन सांगायला हवं होतं, चारचौघांत नाही. दोनदा आलो होतो. विमलताई, आठवत असेल, दोन्ही वेळा चहा घेतला, पावसापाण्याचं बोललो आणि उठलो. तिसऱ्यांदा आलो तेव्हा पूर्वीच्या दाखल्यावरची जन्मतारीख तेवढी बघून गेलो, तुम्हाला वाटलं असेल म्हातारा स्थळ आणतोय. लाज वाटत होती हो. गावानं ज्या एका गोष्टीसाठी मला मान दिला, तीच चुकली हे तोंडातून निघेना. पण आज मार्गदर्शक म्हणून शाल पांघरून गप बसलो असतो, तर रात्री जेवण गेलं नसतं.

तारीख बघितली ती यासाठी की पुढच्या भरतीला ती वयात बसते. त्यानंतर नाही. ही एकच संधी आहे. भरावावरची खुंटी मी काल उपटली आणि सुभेदारसाहेबांना समोर उभं करून, त्यांच्या टेपनं नवी ठोकली. लेखी पुन्हा द्यावी लागेल, पुन्हा पहाटे उठावं लागेल, दुकानाच्या मालकाशी बोलावं लागेल. ते मी बोलतो, त्यांच्या शेतातलं ठिबक माझंच आहे.

स्वरूपा, तुझ्या समारंभात मी दुसरीचंच गाणं गायलो. तू रागावणार नाहीस हे मला ठाऊक आहे, कारण मघाशी व्यासपीठावर चढताना तूच मला म्हणालीस, "पूर्वी असती तर दोघी गेलो असतो." सुखानं जा पोरी, जेवणखाण नीट कर.

संयोजकांनी बोलायला दहा मिनिटं दिली होती, मी पंधरा घेतली, म्हणजे आजही माझं माप जास्तच झालं. सिंधुबाई, सुभेदारसाहेब आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपला आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला.

पूर्वी, तू मात्र घालू नकोस. मला माफ नाही केलंस तरी चालेल. फॉर्म भर.