पाण्याने धुतलेला शेल

सन्माननीय अध्यक्ष, प्राचार्य डॉ. आनंदराज सोनकांबळे सर, मंचावरील मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती बसवंतअप्पा बिरादार, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या मल्लम्माकाकू, गुरुजन आणि माझ्या मागच्या-पुढच्या बॅचच्या मित्रमैत्रिणींनो,

मी रेणुका, अर्धापूरची. याच भूगर्भशास्त्र विभागात शिकले आणि आता एका तेल कंपनीत आहे. खाली काळा दगडच दगड असलेल्या नांदेडची मुलगी तेलाच्या कामात गेली कशी, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर समोर बसलंय. गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवलाय त्यांनी, आणि जेवायला कधी उठायचं ते बघून राहिले.

आज निवृत्त होणारे अप्पा चौतीस वर्षं आपल्या प्रयोगशाळेचे परिचर. जळकोटचा माणूस, हातात कायम ओला फडका. किल्लारीकडून बोअरमधले दगड आले की त्यांचा एकच नियम : "दगडाला आधी न्हाऊ घाला, मग नाव विचारा." आपल्याकडच्या या काळ्या बेसाल्टवरची धूळ गेल्याशिवाय आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून आम्ही सगळे धूत आलो. तुमच्यापैकी कोणी नाही धुतला?

मी पीएचडीला असताना आपल्या सोनकांबळे सरांनीच मोठ्या खटपटीने एका तेल कंपनीकडून कोअरची पेटी मिळवली. कोअर म्हणजे तेलाची विहीर खणताना निघालेला दगडाचा लांब दंडगोल. त्यात काळपट शेल, म्हणजे गाळ थरांनी घट्ट होऊन बनलेला दगड होता आणि मध्ये मध्ये खडूच्या दगडाचे पांढरे पट्टे. पेटी परत करण्याच्या बोलीवर आलेली. तिच्यावर सूचना चिकटवली होती, पाणी लावू नये. मी ती वाचली नाही. सवयीने ट्रे नळाखाली धरला, पुसला आणि घरी गेले.

शेलमधली माती पाणी पिऊन फुगते. सकाळी ट्रेमध्ये खारीचे पापुद्रे सुटावेत तसा भुगा पडला होता. सरांनी विचारलं, "हे कोणी केलं?" तेवढ्यात मागून आवाज आला, "म्या धुतला, साहेब."

नंतर जिन्यात मी रडायला लागले, तर अप्पा म्हणाले, "गप, पोरी. तुझं नाव लागलं तर कंपनी तुला पुन्हा दगूड दाखवायची न्हाई. अन् धुवायला शिकवलं कोण? म्याच न्हाई का?" अप्पा, तुम्ही बेसाल्ट धुवायला शिकवलं होतं. पेटीवरची सूचना वाचणं माझं काम होतं.

गंमत पुढे आहे. शेलचा भुगा झाला, पण खडूचे पट्टे अख्खे राहिले, आणि त्यांच्या बारीक भेगांत तपकिरी डाग दिसले. ते तेल होतं. तेल तयार होतं शेलमध्ये. पण खडू कडक असतो, त्याला भेगा पडतात आणि तेल तिकडे सरकतं. तेलाची विहीर खोल गेल्यावर कुठल्या थरात आडवी वळवायची, ते या भेगांवरून ठरतं. माझा सगळा प्रबंध त्या एका ट्रेवर उभा राहिला. मला डॉक्टरेट मिळाली, नोकरी मिळाली. अप्पांना काय मिळालं? सेवापुस्तिकेत 'कामात निष्काळजी' असा शेरा. त्यांची प्रयोगशाळा सहायकाची बढती तिथेच थांबली. हे मला कळायला सहा वर्षं लागली, आणि कळल्यावरही मी पाच वर्षं गप्प बसले. याची मला लाज वाटते.

मघाशी मी अप्पांच्या कानात सांगितलं, आज बोलणार आहे. तर म्हणतात, "कशाला उकरतीस? लई सुखात हाव आम्ही. भात गार होईल." काकू मात्र म्हणाल्या, "बोल तू." म्हणून बोलले. अप्पा, रागावू नका.

अध्यक्ष महाराज, घडलं ते सगळं मी लिहून, सही करून आणलंय. अप्पांची सेवापुस्तिका आज संध्याकाळी बंद होणार आहे. त्याआधी हा कागद तिला जोडावा, एवढी विनंती.

बोलायची संधी दिलीत, शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आपल्या सर्वांचे मनापासून आभार. भाषणात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पदरात घ्यावं. त्या ट्रेची चूक तेवढी पदरात घेऊ नका, सर. ती माझ्या नावावर लिहा.