नामदेवरावांच्या छातीतली सावली

मंडळी, मागे उभे आहात ते पुढे या, बसून घ्या. मला आज मोठ्यानं बोलता येणार नाही. मी डॉक्टर माणूस. मरणाची बातमी सांगायची सवय आहे मला. पण आज या शोकसभेत नामदेवरावांबद्दल बोलायचं आहे.

आपल्या मोताळ्याच्या बाजारात ते कापसाचा हर्रास पुकारायचे, लिलावाची बोली चढवायचे. काय आवाज होता! पार सडकेपर्यंत जायचा. अठ्ठावन्न सालच्या हंगामात तो आवाज बसला, तो उठेचना. मी गुळण्या दिल्या, औषधं दिली. शेवटी त्यांना बुलढाण्याला नेलं, सरकारी दवाखान्यात छातीचा एक्स-रे, म्हणजे फोटो, काढला.

"गळा बसला अन् फोटो छातीचा काऊन?" ते हसत म्हणाले.

फोटो उजेडाला धरला. हृदयातून निघणारी मोठी धमनी जिथे वळते, तिथे ती फुगली होती. सायकलची ट्यूब कमजोर जागी फुगते ना, तशी. त्या फुग्यानं आवाजाची नस दाबली होती.

काही महिन्यांनी दुसरा फोटो काढला. दोन्ही फोटो खिडकीला शेजारी शेजारी धरले. शाळेतल्या पट्टीनं सावली मोजली. पुन्हा मोजली. सावली रुंदावली होती.

"वाढलं ना, डॉक्टर?"

"हो."

"मंग फुटन कवा?"

मंडळी, फोटोत रुंदी दिसते. भिंत किती पातळ झाली, ते दिसत नाही. म्हणालो, "जितकं रुंद होईल, तितका धोका जास्त. पण दिवस नाही सांगता येत."

वहिनींनी हट्ट धरला, नवऱ्याला मुंबईला न्या. नेलं. तिथल्या मोठ्या सर्जननी फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाले, मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या याच जागेवरून निघतात. इथे कापणं-शिवणं आज आमच्या हाती नाही. परत न्या, रक्तदाब खाली ठेवा.

परतताना मलकापूरला रेल्वेतून उतरून आम्ही एसटीत बसलो. माझी त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना. त्यांनी पेरू घेतले होते. एक माझ्या हातात दिला. "खा, डॉक्टर. तुमचा काय गुन्हा त्याच्यात?"

तिसऱ्या फोटोत सावली आणखी वाढलेली. चौथ्याला त्यांनी नकार दिला. "आता फोटो नोको. तो पाहून पाहून मी रोजच मरून राह्यलो. मले हर्रास पुकारू द्या." मी रागावलो. मग म्हटलं, ठीक आहे. गाठोडं उचलायचं नाही, गोळी चुकवायची नाही, खुर्चीवर बसून पुकारायचं.

पुढचं तुम्ही पाहिलंत. तुम्हीच केलंत ते. नामदेवरावांनी हात वर केला की अख्खा बाजार गप्प. अडते गप्प, गाडीवाले गप्प. कुणी खोकायचं नाही. तो घोगरा आवाज शेवटच्या गाडीपर्यंत पोचायचा. कुणी सांगितलं होतं तुम्हाला? कुणीच नाही.

आणि मग तो बाजाराचा दिवस. भर दुपारी त्यांनी पाठीवर हात नेला आणि खाली बसले. मी धावत आलो, तेव्हा त्यांना कापसावर निजवलं होतं. मला पाहून म्हणाले, "डॉक्टर, अंदर फाटलं." माझ्याआधी त्यांना कळलं होतं. माझी बोटं त्यांच्या नाडीवर होती. नाडी त्या बोटांखालीच गेली. तेव्हापासून कुणाचा हात हातात घेतला की ही बोटं आधी घाबरतात.

वहिनी, तुम्ही मला विचारलंत, "फोटोत दिसत होतं, तं थांबवता काऊन नाही आलं?" त्या दिवशी मी मान खाली घातली. आज सगळ्यांसमोर सांगतो. येणारं आम्हाला दिसलं. ते अडवेल असा हात अजून आमच्याकडे नाही. कधीतरी होईल. कुणाचा तरी नवरा ऑपरेशनच्या टेबलावरून उठून घरी येईल. तुमचा आला नाही. डोळे मिटले की मला ती सावली दिसते, आणि ती अजून वाढतेच आहे.

नामदेवराव, तुमच्या या डॉक्टरचा तुम्हाला शेवटचा रामराम.